गळाच्या चाऱ्याचं टाकं: भरताना हिशोब, सोडताना बेफिकिरी

उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरकतं तसा गळाला जोर येतो. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत, माढा या तालुक्यांत काठच्या वस्त्यांवर जाळ्याबरोबर गळावरही पोट असणारी घरं आहेत. मरळ, वांब, शिंगाडा हे मासे कणकेच्या गोळीला सहसा भुलत नाहीत. त्यांना हलता चारा लागतो. गांडूळ, झिंगा, बोटाएवढा बारका मासा, नाहीतर चिलापीचं पिल्लू. पूर्वी चारा पहाटे धरायचा आणि त्याच दिवशी गळाला लावायचा. आता घरामागं टाकं करून तो आठ-आठ दिवस जिवंत ठेवण्याकडं कल वाढतोय. यात खोड काढण्यासारखं काही नाही. रोजची पायपीट वाचते, शनिवार-रविवारी येणाऱ्या हौशी गळवाल्यांना चार पैशाला चारा विकताही येतो.

अडचण टाकं रिकामं करताना होते. टाकं कसं करायचं हे मोबाईलवर कुणीही दाखवतं. त्यातलं पाणी आणि उरलेला चारा शेवटी कुठं जातो, ते मात्र कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: ओढ्यात. आणि ओढा जातो धरणात.

आधी टाक्याचं बघू, कारण तिथंही पैसा वाया जातो. सगळ्यात स्वस्त म्हणजे दोनशे लिटरचं निळं प्लॅस्टिकचं पिंप. पण ते पिंप आधी कशाचं होतं हे विचारल्याशिवाय घेऊ नये. औषधाचं किंवा केमिकलचं पिंप कितीही धुतलं तरी वास राहतो, आणि वास राहिला म्हणजे विष राहिलं असंच धरावं. खाण्याच्या तेलाचं किंवा गुळाच्या काकवीचं पिंप चालतं. दुसरी गोष्ट, पिंप उभं ठेवलं की पाण्याचं तोंड लहान राहतं. हवा पाण्यात वरूनच शिरते. तेच पिंप आडवं धरून उभ्या रेषेत कापलं तर त्याच्या दोन गव्हाणी होतात, पाणी उथळ पसरतं आणि मासे जास्त जगतात.

सिमेंटचा नवा हौद असेल तर घाई नको. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि त्यात बारका मासा टिकत नाही. दोन-तीन आठवडे भरायचा, सोडायचा, परत भरायचा. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी घेतलं तर त्यात टीसीएल असतं. ते रात्रभर उघड्यावर ठेवून, ढवळून मगच वापरावं. बोअरच्या पाण्यात हवा कमी असते, म्हणून ते उंचावरून धार पाडून भरावं.

उन्हाळ्यात खरा मारेकरी म्हणजे पाण्याची उष्णता. २० अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणजे ऊन वाढतं तशी पाण्यातली हवा घटते, आणि नेमकी तेव्हाच माशाला हवा जास्त लागते. त्यात माशाच्या विष्ठेतून अमोनिया साठतो. मासे तोंड वर काढून गटागटा हवा घ्यायला लागले की समजावं, उशीर झालाय. सावली, टाक्यात कमी मासे, रोज तिसरा हिस्सा पाणी बदलणं आणि बॅटरीवरचा हवेचा पंप, एवढं केलं तरी पुष्कळ. नुसता विजेवरचा पंप लावून झोपलं तर लाईट गेलेल्या रात्री सकाळी पांढऱ्या पोटांचा खच बघावा लागतो. खायला घालायचं टाळलेलंच बरं. चारा पोसायचा नाही, फक्त जगवायचा आहे.

टिकाऊ चारा म्हणजेच उद्याची डोकेदुखी

आता मुद्द्याचं. टाक्यात कोणता मासा जगतो? जो उन्हाला, घाणीला, हवेच्या तुटवड्याला दाद देत नाही तो. म्हणून चारा ठेवणारा माणूस हळूहळू चिवट जातीकडं वळतो. चिलापीची पिल्लं, कुठून तरी आणलेली मांगूरची पिल्लं, शोभेच्या टाकीतले मासे. आणि जो मासा पिंपात मरत नाही, तो धरणात गेल्यावर तर मुळीच मरत नाही. चाऱ्याचा गुण आणि धरणाचा धोका एकाच गोष्टीत आहेत.

चिलापीचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. हा मासा मूळचा आफ्रिकेचा, भारतात १९५२ मध्ये आणला गेला. मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळं पिल्लं मोठ्या संख्येनं वाचतात. भिगवणच्या बाजारात आज चिलापीच्या पाट्या दिसतात आणि कितीतरी घरं तिच्यावर चालतात, हे खरं आहे. पण भीमेच्या जुन्या माशांची आठवण म्हाताऱ्या मच्छिमारांच्या बोलण्यातच जास्त उरली आहे, हेही तितकंच खरं. याचं सगळं खापर चिलापीवर फोडता येणार नाही. प्रदूषण आहे, बारीक आसाची जाळी आहेत. तरी तिचा वाटा मोठा आहे.

आफ्रिकन मांगूरचं प्रकरण याहून वाईट. केंद्रानं २००० मध्येच त्याच्या पालनावर बंदी घातली. पुढं राष्ट्रीय हरित लवादानं साठे नष्ट करायला सांगितलं आणि उजनीकाठची मांगूरची तळी उद्ध्वस्त करण्याच्या कारवायाही झाल्या. हा मासा हवेतला श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो आणि समोर येईल ते खातो. टाक्यातून दोन-चार निसटले तर ते ओढ्यापर्यंत आपल्या पायांनी गेले असंच म्हणायचं. तळी बुजवणाऱ्या पथकाला घरामागचं पिंप दिसत नाही, आणि दिसावं अशी अपेक्षाही करता येणार नाही. हे घरच्यांनीच बघायचं आहे.

तिसरा सकर. दक्षिण अमेरिकेतला, काचेच्या टाकीतली शेवाळ खातो म्हणून शोभेसाठी विकला जाणारा. अंगावर चिलखत, कल्ल्यावर काटे. जाळ्यात अडकला की जाळं फाटतं आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. कुणीतरी कंटाळून सोडलेल्या माशाचा भुर्दंड दुसऱ्याच्या जाळ्याला बसतो.

जातीइतकंच पाणीही धोक्याचं. माशांच्या अंगावर लाल चट्टे आणि खोल जखमा करणारा व्रण रोग भारतात १९८८ मध्ये ईशान्येकडून शिरला आणि पुढं पसरत गेला. तो थंडीत उफाळतो आणि मरळीवर सगळ्यात आधी तुटून पडतो. चिलापी त्याला सहसा दाद देत नाही. म्हणजे एका तळ्यातून आणलेला चारा टाक्यात ठेवून त्याचं पाणी दुसरीकडं सोडणारा माणूस, ज्या मरळीसाठी हा खटाटोप केला तिच्याच घरात आजार पोचवू शकतो.

मग सोडायचं कुठं?

शेतात. किंवा शोषखड्ड्यात. टाक्याचं पाणी खताचं पाणी आहे, ऊस-केळीच्या बुडाला ते चालतं. फक्त मासे तगावे म्हणून मीठ टाकलं असेल तर रोज त्याच एका झाडाला नको. ओढा, कालवा, विहीर यांपासून लांब, जिथं पाणी जिरून जाईल अशीच जागा बघावी.

यासाठी टाकं करतानाच तळ एका बाजूला उतरता ठेवावा आणि टँक निपल लावून कॉक सगळ्यात खालच्या जागी बसवावा. बरेच जण तो चार बोटं वर बसवतात. मग गाळ तळातच राहतो आणि शेवटी पिंप उलटं करावं लागतं. कॉकच्या आत मच्छरदाणीची जाळी लावावी, पण नुसती तोंडावर नको. तोंडावरची जाळी लगेच तुंबते आणि बारके मासे तिला चिकटून मरतात. भोकं पाडलेल्या रुंद पाईपला जाळी गुंडाळून तो आत उभा केला की पाणी सावकाश आणि सगळीकडून येतं. बाहेर बादलीवर फडकं बांधून पाणी पुन्हा एकदा गाळलं तर अंडी-पिल्लंही अडकतात. मग आतून ब्रशनं घासावं, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. आठवड्याचा कोरडा दिवस इथंही पाळला तर आशाताईंचंही काम हलकं होईल. घासून झालं की टाकं दोन दिवस कडक उन्हात.

राहिला उरलेला चारा. इथं माणूस अडखळतो. जिवंत जीव फेकायचा कसा, पाण्यात सोडला तर पुण्य लागेल, असं मनात येतं. ज्या पाण्यातून धरला त्याच पाण्यात त्याच दिवशी सोडला तर हरकत नाही. पण टाक्यात इतरांबरोबर राहिलेला किंवा बाहेरून विकत आणलेला असेल तर तो परत धरणात जाऊ नये. कोंबड्यांना घालावा, नाहीतर खड्ड्यात पुरावा.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. विजेचा दर, कर्ज, विमा यांची चर्चा गावोगाव झाली. शेतकऱ्याला पाणी आणि बियाण्याची जबाबदारी जशी स्वतः घ्यावी लागते तशी ती इथंही येणार. मच्छिमार संस्थांनी सभेत हा विषय घेतला आणि ग्रामपंचायतीनं वस्तीजवळ रोजगार हमीतून एक सामाईक शोषखड्डा काढून दिला, तर बिनखर्चात अर्धं काम होतं. रोजगार हमीत शोषखड्डे बसतात. मागणी मात्र गावातून जावी लागते.

आणि हे सगळं पावसाच्या आत. भीमेच्या वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला की उजनीचा फुगवटा काही दिवसांत वावराच्या बांधाला टेकतो. उन्हाळ्यात पाण्याजवळ सोयीचं म्हणून काठाला मांडलेली पिंपं तेव्हा आपोआप बुडतात. त्यासाठी कुणाला कॉक उघडावा लागत नाही.