आमच्याकडे असंच खेळतात

गेल्या रविवारी माझ्याच घरात, माझ्याच डायनिंग टेबलावर माझी जाम नाचक्की झाली. ती होणं गरजेचं होतं, म्हणून हे लिहितोय.

त्याचं असं आहे, आमच्या दापोडीच्या घरी रविवारी दुपारी पत्ते बसतात. रमी नव्हे, 'स्टार रेल्म्स'. २०१४ साली बाजारात आलेला, अंतराळातल्या लढाईचा पत्त्यांचा खेळ. खेळायला दोघं लागतात, त्यामुळे एक डाव मी आणि बायको, एक डाव मी आणि खालच्या मजल्यावरचा मुलगा. हा मुलगा चाकणला एका कारखान्यात शिफ्टमध्ये असतो. सुट्टी रविवारी पडली की वर येतो. मला दादा म्हणतो. खेळ त्याला मीच शिकवला. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येकाकडे सुरुवातीला १० साधे पत्ते आणि ५० गुण. टेबलावर मांडलेल्या ५ पत्त्यांतून जहाजं आणि तळ विकत घ्यायचे. आपल्या पाळीला हातातल्या पत्त्यांतून 'मारा' गोळा होतो, तो समोरच्यावर टाकायचा. ज्याचे गुण शून्यावर आले तो खलास. तळांमध्ये काही असतात 'आउटपोस्ट', आपण त्यांना चौकी म्हणू. चौकी उभी असेपर्यंत तिच्या मालकाला किंवा त्याच्या बाकीच्या तळांना हात लावता येत नाही. आधी चौकी पाडा, मग पुढे या.

या पोराला तळ आणि चौक्या फार आवडतात. जमेल तेवढ्या विकत घेणार, समोर भिंत उभी करणार आणि मागे बसून शांतपणे जमवाजमव करणार. आणि दर वेळी हरणार. चांगले चार-पाच महिने हे चाललं होतं.

का हरायचा? समजा त्याने 'पोर्ट ऑफ कॉल' नावाची ६ बळाची चौकी लावली. माझ्याकडे मारा आहे ३. मी काय करायचो, ३चा मारा चौकीवर टाकायचो आणि आठवण म्हणून एक फासा त्यावर ठेवायचो. पुढच्या पाळीला आणखी ३, की चौकी आडवी. एकदा त्याने हळूच विचारलं होतं, "दादा, पुढच्या पाळीला ती परत पूर्ण होत नाही का?" मी म्हणालो, "अरे, भगदाड पडलंय ना तिला, ते आपोआप कसं बुजेल?" बिनतोड युक्तिवाद! तो गप्प बसला.

गेल्या रविवारी आला तो मोबाईलमध्ये खोक्यातल्या नियमांच्या कागदाचा फोटो घेऊनच. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता त्याने तो सगळा वाचून काढला होता. अडलेले शब्द डिक्शनरीत बघत. त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे की तळ पाडायचा तर त्याच्या बळाएवढा मारा एकाच पाळीत टाकावा लागतो. तुकड्या-तुकड्याने चालत नाही. पाळी संपली की उरलेला मारा वाया, आणि तळ पुन्हा ठणठणीत. म्हणजे ६च्या चौकीवर ३चा मारा शंभर पाळ्या टाकला तरी काऽही होत नाही!

बायको हसून हसून लाल. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. पण खरा फटका पुढे बसला. मी विचारलं, "अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "वाटलं माझंच इंग्रजी चुकत असेल. तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार."

हे वाक्य काही डोक्यातून जात नाहीये.

आता आधी माझी चूक तपासू. नियम मी मुद्दाम फिरवला नव्हता. व्हिडिओ गेममधली ती लाल पट्टी डोक्यात बसलेली, जी मार खाल्ला की कमी होते आणि कमीच राहते. पण कागदी खेळात प्रत्येक जखमेचा हिशोब माणसालाच ठेवावा लागतो. म्हणून खेळ बनवणारे शक्यतो तो ठेवायलाच लावत नाहीत. स्टार रेल्म्स बनवणारे डार्विन कॅसल आणि रॉब डॉहर्टी हे दोघंही 'मॅजिक: द गॅदरिंग'चे नावाजलेले खेळाडू. त्या खेळातही प्राण्याला झालेली इजा त्या टर्नच्या शेवटी पुसली जाते. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम स्टेटलेस ठेवलीये. मी त्यात फासा ठेवून एक व्हेरिएबल घुसडला, आणि तळांवर खेळायची अख्खी पद्धतच निकामी करून टाकली. तो हरत होता ते खेळ येत नव्हता म्हणून नाही, माझ्या बगमुळे!

बरं, नियम नीट कळण्याची अडचण फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांना येते असंही नाही. मॅजिक १९९३ साली आला. १९९९मध्ये त्यांनी लढाईतली इजा 'स्टॅक'वर टाकायचा नियम आणला. हो, तोच आपला स्टॅक, शेवटी आलेला आधी सुटणारा. त्यातून गंमत अशी झाली की प्राणी आपला फटका स्टॅकवर ठेवायचा, मग मालक त्याचा बळी देऊन आणखी काही फायदा उकळायचा, आणि प्राणी मेल्यावरही त्याचा फटका बसायचाच. मुरलेल्यांना हे पाठ होतं, नवीन माणूस हतबुद्ध व्हायचा. २००९मध्ये तो नियम काढला, तेव्हा जुन्या खेळाडूंनी केवढा आरडाओरडा केला! त्याऐवजी आलेली 'कोणाला आधी मार द्यायचा ते क्रमाने जाहीर करा' ही भानगडही २०२४मध्ये रद्द झाली. म्हणजे जगभर खेळला जाणारा खेळ, पगारी नियमकर्ते, आणि तरी लढाईचा नियम सरळ करायला तीस वर्षं लागली.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, १० रंग, १२० पत्ते. पाच रंगांत दश्शी मोठी तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. त्यात दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री कृष्णाचा ज्याच्याकडे तो. आता सांगा, खेळायला बसलात आणि तेवढ्यात सूर्य मावळला तर? हा प्रश्न पत्ते वाटायच्या आधी सोडवला तर तो नियम. वाटून झाल्यावर सोडवला तर ज्याच्या हातात कृष्ण आहे त्याची सोय.

माझं म्हणणं नेमकं हेच आहे. संदिग्ध नियम कधीच तटस्थ नसतो. तो कायम यजमानाच्या, मोठ्या आवाजाच्या, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्याच्या बाजूने झुकतो. मेंढीकोट खेळताना हुकूम बंद की कट्टे यावरून लहानपणी मामाच्या घरी भांडणं झालेली आठवतात ना? शेवटचा शब्द कोणाचा असायचा? ज्याचं घर त्याचा. "आमच्याकडे असंच खेळतात." संपलं. हेच वाक्य पुढे ऑफिसात "आपल्याकडे असंच करतात" होतं, आणि नवीन आलेला पोरगा आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून गप्प बसतो.

यावर कोणी म्हणेल, अरे, रविवारचा खेळ तो, त्यात कशाला वकिली? घरच्या नियमांतच तर मजा असते. मान्य. माझा घरच्या नियमांना विरोध नाहीच. 'तळाची जखम राहते' असा नियम ठरवून खेळायलाही मजा येईल. फक्त तो आधी सांगा, आणि तो घरचा आहे हेही सांगा. माझा गुन्हा नियम बदलल्याचा नाही. घरच्या नियमाला छापील नियमाचा युनिफॉर्म घातल्याचा आहे.

खो-खो घ्या. गावोगाव वेगवेगळ्या तऱ्हेने चालायचा. १९१४च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्यावर त्याचे नियम लिहिले गेले, म्हणून या गावचा संघ त्या गावच्या संघाशी खेळू शकला. लिहिलेला नियम अनोळखी माणसाला दारातून आत घेतो. तोंडी नियम त्याला घरमालकाच्या मर्जीवर ठेवतो.

म्हणून मी काय केलं, तर परवा रात्री बसून लढाईचे नियम एका पानावर मराठीत लिहिले. १) मारा वाटून टाकता येतो: ७ असेल तर ५च्या चौकीला ५ आणि खेळाडूला २. २) पण तळ एकाच पाळीत पूर्ण पाडायचा, नाहीतर नाही. ३) चौकी असेल तर आधी ती. चौकी नसलेले साधे तळ सोडून थेट खेळाडूवर गेलं तरी चालतं. ४) पाडलेला तळ खेळातून बाद होत नाही. तो मालकाच्या टाकलेल्या पत्त्यांत जातो आणि फिरून परत येतो. चार ओळी. लिहायला पाऊण तास लागला, कारण दोनदा वाटलं की हे आपल्याला कळलंय, आणि दोन्ही वेळा कागद उघडून बघावं लागलं.

पान खोक्यात ठेवलंय. पोराला दाखवलं तर त्याने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "दादा, दोन चौक्या असल्या तर दोन्ही पाडायच्या ना?" हो, दोन्ही. ते लिहायचं राहिलंच होतं. त्यानेच पेनने लिहिलं.

त्यानंतर एक डाव झाला. त्याने दोन चौक्या लावल्या, मी फासा शोधत बसलो आणि मग आठवलं. हरलो. २३ गुणांनी.