वाटणी करताना म्हाताऱ्यांनाही विचारा

शेताची वाटणी होते तेव्हा गावात पंच बसतात. बांध कुठून जाणार, विहिरीची पाळी कुणाला किती दिवस, बैलजोडी कुणाकडे, याचा खल रात्र रात्र चालतो. शेवटी उरतात आई-बाप. त्यांचा निकाल मात्र पाच मिनिटांत लागतो. आई थोरल्याकडे, बाप धाकट्याकडे. नाहीतर दोघंही महिन्या-महिन्याच्या पाळीनं. विहिरीची पाळी तशी माणसांची पाळी! ज्यांची वाटणी झाली, त्यांना कुणी एका शब्दानं विचारत नाही.

कुणी म्हणेल, पोरं सांभाळतात हे काय कमी आहे? खरं आहे. पडलेला भाव अन् डोक्यावरचं कर्ज सोसून पोरं घास घालतात. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं सगळं सून काढते, तिचं तर कुणी नावही घेत नाही. पण वेळेवर वैरण-पाणी तर जनावरालाही मिळतं. पन्नास वर्षं संसार केलेल्या दोघांना एका छपराखाली राहायचं आहे का? खाट मागच्या अंधाऱ्या खोलीत हवी की ओसरीवर, जिथून येणारं-जाणारं माणूस दिसेल? दात नसताना कोरडी भाकरी चालते का? रानात चक्कर मारायची इच्छा असली, तर "गप पडून राहा" म्हणून का अडवायचं? याला फारसा पैसा लागत नाही, विचारावं लागतं.

कायदा आपल्या बाजूनं आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्राचा कायदा झाला. त्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. कलम २३ तर प्रत्येक शेतकऱ्यानं ध्यानात ठेवावं. सांभाळाच्या अटीवर जमीन बक्षीस दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. म्हणून ही अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका.

पण कायदा फार तर भाकरी मिळवून देईल, आपुलकीनं विचारपूस करणार नाही. ते काम गावाचं. पंचांनी वाटणीआधी आई आणि बाप दोघांना वेगवेगळं बसवून विचारावं, कारण पोरांसमोर म्हातारी माणसं मन मोकळं करत नाहीत. श्रावणबाळ योजनेचे पैसे खात्यावर येतात, पण पासबुक कुणाच्या हातात असतं, याची चौकशी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी करावी. आशाताई घरी जातात तेव्हा गोळ्यांबरोबर "काय हवं-नको?" एवढंही विचारावं. सरपंचांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा.

शेतकरी बांधवांनो, आज आपण पंच म्हणून बसतो. उद्या आपलीही वाटणी होणार आहे. तेव्हा आपल्याला विचारलं जावं असं वाटत असेल, तर ती रीत आजच पाडली पाहिजे.