आजीच्या नावानं चांगभलं

सौदी अरेबियातल्या जिद्दा शहराबद्दल मराठीत काहीही लिहायचं झालं की पहिल्या परिच्छेदात आजी येते. 'जद्दा म्हणजे आजी. मानवजातीची आजी हव्वा इथे पुरलेली आहे, म्हणून शहराचं नाव जिद्दा.' झालं! लेखकाचं संशोधन संपलं, संपादकाने मान डोलावली, वाचक धन्य झाला. यूट्यूबवरचे भटके आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे इतिहासाचार्य हीच आजी खांद्यावर घेऊन फिरतात. मला या आजीचा वीट आला आहे.

अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर एरवी लिहीत नाहीत. जीम, दाल आणि शेवटचा गोल ते, एवढ्या तीन अक्षरांत या शहराचं नाव आटोपतं. बाकीचं वाचणाऱ्याने भरायचं. जीमला उकार दिला की जुद्दा, म्हणजे किनारा. नुसता अकार ठेवला की जद्दा, म्हणजे आजी. खुद्द तिथले लोक वेलांटी देऊन जिद्दा म्हणतात. आपल्याकडचे उर्दू बोलणारे पुष्कळदा जद्दा म्हणतात आणि आजीच्या गोष्टीला आयतंच बळ मिळतं.

जुद्दा या शब्दात पट्टा, रेघ, वाट असे अर्थ आहेत. कुराणाच्या ३५व्या सूरेत डोंगरांवरच्या पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांसाठी 'जुदद' हा शब्द आला आहे. तो याच शब्दाचं अनेकवचन. पाणी आणि जमीन यांच्यामधली पट्टी ती जुद्दा. तांबड्या समुद्राच्या काठावरच्या बंदराला लोक 'किनारा' म्हणाले, यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे? याकूत या भूगोलकाराने (मृत्यू १२२९) आणखी एक खुलासा नोंदवला आहे: कुदाआ वंशातल्या जुद्दा नावाच्या माणसावरून गावाचं नाव पडलं. तो मला वंशावळ जुळवणाऱ्यांचा उद्योग वाटतो. पण त्यातही जीमला उकारच आहे, हे आजीवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

बरं, हव्वेला तिथे म्हणतात काय? त्या कबरस्तानाचं नाव 'उम्मुना हव्वा', म्हणजे आमची आई हव्वा. शेकडो वर्षं जिला लोक आई म्हणून हाक मारतात, तिच्या नावाने गाव वसवताना तेवढी ती आजी कशी झाली? या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. बहुतेकांना हा प्रश्न पडतच नाही.

हव्वा जिद्दाला उतरली ही समजूत जुनी आहे, ती मी नाकारत नाही. दहाव्या शतकातल्या तबरीच्या इतिहासात ती आहे, आणि त्याच परंपरेत आदम उतरला तो हिंदभूमीत. पण ११८३ साली हजला गेलेला इब्न जुबैर जिद्दात एक जुना, उंच घुमट पाहतो आणि सांगतो की मक्केला जाताना हव्वा इथे मुक्कामाला होती असं म्हणतात. मुक्काम! पुढे इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन १८५३च्या आपल्या मक्केच्या प्रवासात हव्वेची कबर पावलांनी मोजतो: डोक्यापासून कमरेपर्यंत १२० पावलं, कमरेपासून टाचेपर्यंत ८०. आणि शहर तर त्याआधी हजारेक वर्षांपासून नावारूपाला आलेलं. खलिफा उस्मानने ६४७च्या सुमारास शुऐबा मागे टाकून मक्केचं बंदर म्हणून जिद्दाची निवड केली. माझं मत स्पष्ट आहे: कबरीवरून नाव पडलेलं नाही. नाव आजीसारखं ऐकू आलं आणि गोष्टीला जोर चढला.

१९२५च्या अखेरीस शहर सौदी राजवटीकडे गेलं. १९२८ साली कबर पाडली गेली. लोक तरीही येतच राहिले, तेव्हा १९७५ साली जागेवर काँक्रीट ओतलं. एका स्वरचिन्हाने जे काम झालं असतं, त्याला ही मंडळी कुदळ-फावडं घेऊन धावली. आणि साधलं काय? पाहायला, मोजायला, तपासायला काही उरलं नाही, त्यामुळे गोष्ट उलट अमर झाली. दंतकथा पाडकामाने मरत नाही, एवढंही ज्यांना कळत नाही त्यांच्या हाती वारसा असतो.

नावाचा खरा पुरावा हवा असेल तर अल-बलद या जुन्या वस्तीत जा. २०१४पासून ती युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. रोशन म्हणतात त्या लाकडी जाळीदार सज्जांचे फोटो सगळेच काढतात; तुम्ही भिंतीचा पोपडा उडालेला कोपरा शोधा. आतला दगड म्हणजे प्रवाळ. त्यावर प्रवाळाची नक्षी दिसते, मध्येमध्ये लाकडाच्या आडव्या पट्ट्या घातलेल्या. किनाऱ्यालगतच्या खडकातून काढलेल्या चिऱ्यांनी हे गाव उभं राहिलं. त्याला किनारा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

'अल-मनहल' मासिकाचे संस्थापक अब्दुल कुद्दूस अल-अन्सारी यांनी तर जीमला उकारच हवा हे सिद्ध करायला एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं. एका उकारासाठी पुस्तक! अशा माणसाला मी लोटांगण घालायला तयार आहे. तरीही रस्त्यावरचा माणूस वेलांटीच वापरतो, आणि त्याचा तो हक्क आहे.

आपण मात्र लिहितो 'जेद्दाह'. त्यात किनारा नाही, आजी नाही, तिथल्या लोकांचा उच्चारही नाही. आहे ते इंग्रजी स्पेलिंगचं आंधळं लिप्यंतर, शेवटच्या मुक्या 'ह'सकट. मुंबईहून हज यात्रेकरूंची जहाजं १९९५पर्यंत या बंदराला जात होती. आपल्याला हे गाव काही परकं नाही. तेव्हा संपादक मंडळी, 'जिद्दा' लिहा, आणि पुढच्या हज पुरवणीत आजीचा परिच्छेद आला तर तो निर्दयपणे काटा.