होयबा

'बुडत्याचा पाय खोलात' असे आपण सहज म्हणतो. पण पाय प्रथम घसरला तेव्हा शेजारच्यांनी हाक का मारली नाही, हे कोणी विचारत नाही.

फिनलंडच्या नोकिया कंपनीचेच पाहा. २००७ साली आयफोन आला तेव्हा मोबाइल फोनच्या धंद्यात नोकिया जगात पहिली होती. २०१४ साली तिला तो धंदा मायक्रोसॉफ्टला विकावा लागला. वुओरी व हुई या संशोधकांनी तेथील अधिकारी, अभियंते आणि बाहेरचे जाणकार अशा ७६ जणांच्या मुलाखती घेतल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की मधल्या फळीला उणिवा दिसत होत्या. पण वरिष्ठांच्या रागाला भिऊन खरी स्थिती वर कळविली गेली नाही.

दोष नोकरांचाच, असे काहीजण म्हणतील. मला ते पटत नाही. खरे बोलणाऱ्याची काय गत होते, हे पाहूनच माणूस होयबा बनतो.

आपल्या वर्गातही 'समजले ना?' असे सर विचारतात, आणि न समजताही आपण माना डोलावतो. होयबा होण्याचे पहिले धडे आपण येथेच तर गिरवीत नाही ना?