शुक्रवारी येणारा नाताळ

भिवंडीत नवरा-बायकोला एकाच दिवशी सुट्टी मिळणं किती अवघड आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. माग शुक्रवारी बंद. शाळा, बँका, ऑफिसं रविवारी बंद. गोडाऊनमध्ये तर ज्याची त्याची सुट्टी पाळीप्रमाणे. तो मागावर आणि ती मानकोलीला पॅकिंगला असेल, तर एका खोलीत राहूनही दोघं महिनामहिना एकमेकांना दिवसाउजेडी निवांत दिसत नाहीत. तो रातपाळी करून येतो तेव्हा ती डबा भरत असते. ती परत येते तेव्हा तो निघालेला असतो.

२०२६ साली २५ डिसेंबर शुक्रवारी येतो आहे. नाताळची सुट्टी आणि मागांची सुट्टी एकाच दिवशी. हा दिवस तुम्ही दोघांनी आत्ताच राखून ठेवावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. कुठे जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण दर नाताळात आपल्याकडच्या तरुण जोडप्यांना थीम पार्क बघायचं असतं, तर त्याबद्दल चार गोष्टी सांगते.

आमच्या वेळी पाळणे म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड. १९८९ साली सुरू झालेलं. मार्व्याहून होडीत बसून जायचं, आणि निम्मी मजा त्या होडीतच असायची. आता लोक खोपोलीच्या इमॅजिकाला जातात. एप्रिल २०१३ मध्ये ते उघडलं. जवळच हवं असेल तर ठाण्याला मानपाड्याची टिकुजिनी वाडी आहे, आणि आपल्याच तालुक्यात नाशिक रस्त्यावर शांग्रिला. फक्त डिसेंबरअखेर वॉटर पार्कचं पाणी सकाळी चांगलंच गार असतं. पाण्यात खेळायचं तर उन्हं वर आल्यावर उतरा, आणि कोरड्या कपड्यांचा जोड बरोबर ठेवा.

आम्ही दोघं लग्नानंतर चौथ्या वर्षी एका पार्कात गेलो होतो. दिवस नाताळचाच. घरातली कामं उरकून निघेपर्यंत दहा वाजले, पोचेपर्यंत साडेबारा. आत गेल्यावर सगळीकडे रांगा. दिवसभरात चार पाळणे झाले. जो बघायला म्हणून गेलो तो बंद होता, आणि हे तिकीट घेताना कुणी सांगितलं नाही. दुपारी दोन थाळ्यांचे पैसे ऐकून यांचा चेहरा उतरला. मी त्यावरून बोलले, ते त्यावरून बोलले, आणि परतीच्या गाडीत आम्ही दोन खिडक्यांतून दोन बाजूंना बघत बसलो. वर्षभर वाट बघितलेला दिवस असा गेला. तुमचा जाऊ नये.

सगळ्यात आधी सुट्टी पक्की करा. मागवाल्याला शुक्रवार आहेच, अडचण असते ती गोडाऊनमधल्याची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, वर्षाला आठ भरपगारी सणसुट्ट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार कोणत्या, ते मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायचं असतं. आपल्याकडे ही चर्चा होतच नाही, कारण ती करायची असते हेच कुणाला ठाऊक नसतं. शिवाय याच कायद्यात आठ किरकोळ रजाही आहेत. डिसेंबरात गोडाऊनला काम तुंबलेलं असतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात रजा मागाल तर सुपरवायझर नाहीच म्हणणार. महिनाभर आधी, लेखी मागा.

सुट्टी जुळत नसेल तर २५ तारखेचा हट्ट धरू नका. १८ डिसेंबरलाही शुक्रवारच आहे. माग त्या दिवशीही बंद, पण शाळांची सुट्टी बहुतेक ठिकाणी लागलेली नसते. त्या दिवशी रांगा कमी आणि बऱ्याच पार्कांत तिकीटही स्वस्त. खरं सांगायचं तर मी असते तर १८ ला गेले असते.

पैशाचं बोलते. सेठकडून उचल घेऊन फिरायला जाऊ नका. उचल कशी वाढते आणि माणूस त्या सेठला कसा बांधला जातो, हे भिवंडीत कुणी कुणाला शिकवायला नको. दिवाळीपासून दर पगाराला थोडे थोडे बाजूला टाका. जमले तेवढ्यात होईल ते करा. तिकीट पार्कच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा तिथल्या खिडकीवरच काढा. व्हॉट्सअॅपवर निम्म्या किमतीत पास म्हणून लिंक येते, तिला हात लावू नका. फसलातच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. दाखवलेली किंमत करासकट आहे की कराशिवाय, तेही बघा. जीएसटी २०१८ च्या जानेवारीत २८ टक्क्यांवरून १८ वर आला, पण दोन तिकिटांवर तो अजूनही जाणवतो. कोणता पाळणा दुरुस्तीला आहे, हे पैसे भरण्याआधी फोन करून विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

बाहेरचं खाणं बहुतेक पार्क आत नेऊ देत नाहीत. म्हणून चपाती-भाजी, थालीपीठ, जे काही असेल ते दाराबाहेर सकाळीच पोटभर खाऊन घ्या. म्हणजे दुपारी एका थाळीत दोघांचं भागतं आणि त्यावरून तोंडं फिरत नाहीत.

खोपोलीला जायचं तर दार उघडायच्या अर्धा तास आधी तिथे असायला हवं, म्हणजे भिवंडीहून सहाला निघायला हवं. कल्याण नाक्याहून कल्याण स्टेशन, तिथून कर्जतमार्गे खोपोली लोकल. या गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा जायचं आणि यायचं दोन्ही वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा. मोटरसायकलवाल्यांनी लक्षात ठेवा, एक्सप्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे. तुमचा रस्ता पनवेल, चौक, खोपोली असा जुन्या हायवेने. हेल्मेट दोघांनाही. मागे बसणारीचं डोकं काही वेगळ्या हाडाचं नसतं.

आत गेल्यावर आधी सगळ्यात मोठ्या पाळण्याकडे जा, कारण तिथली रांग तासाभरात वाढते. इमॅजिकाचा नायट्रो साधारण ४० मीटर उंच आहे, वेग ताशी १०५ किलोमीटर, आणि पायाखाली जमीन नाही, पाय लोंबकळतात. ज्याला आवडतं त्याला फार आवडतं. ज्याला नाही आवडत त्याने बसू नये. तिथेच राजासॉरस नावाच्या डायनासोरचा खेळ आहे. हा प्राणी खरोखर आपल्या देशातला. नर्मदेच्या खोऱ्यातल्या हाडांवरून २००३ साली त्याला हे नाव मिळालं. रांगेत उभं असताना एकमेकांना सांगायला बरं.

आता जे सांगते ते नीट ऐका. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ एक पाळणा चालू असताना तुटला, दोघांचा जीव गेला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत लग्न ठरलेली एक मुलगी होणाऱ्या नवऱ्याबरोबर गेली होती, रोलर कोस्टरवरून पडून ती गेली. घाबरवायला हे सांगत नाही. मोठ्या पार्कांत रोज सकाळी तपासणी होते आणि लाखो माणसं हसत घरी येतात. पण अंगावरची दांडी बसली की ती स्वतः ओढून बघा. जराही सैल वाटली तर हात वर करून ओरडा, पाळणा थांबवायला लावा, लोक हसले तरी हसू द्यात. ओढणी, साडीचा पदर, मोकळे केस, लांब मंगळसूत्र घेऊन बसू नका. चाकात अडकलेल्या केसांनी आणि ओढण्यांनी माणसं गेली आहेत. त्या दिवशी पंजाबी ड्रेस नाहीतर पँट घाला, मंगळसूत्र आत घ्या, वेणी बांधा.

बायांनो, पाळी चुकली असेल तर जोरात फिरणारा, वरून आदळणारा एकही पाळणा नको. अजून कुणाला सांगितलं नसेल, तरी नवऱ्याला रांगेत लागायच्या आधी सांगा. पुरुषांनो, मागावर बारा-बारा तास उभं राहून ज्यांची कंबर गेली आहे, मणका दुखतो, बीपीची गोळी चालू आहे, त्यांनीही बाहेरच थांबावं. आणि बायको नको म्हणाली की हात धरून ओढू नका. ती भीतीने गप्प बसते आणि तुम्हाला वाटतं तिला मजा आली. खाली बसून दोघांनी एक चहा घेतला तरी दिवस वाया जात नाही, कारण तुम्ही आला आहात ते एकमेकांसाठी.

इतके पैसे नसतील तरी घरी बसू नका. भिवंडी रोडहून वसईची मेमू मिळते. नाताळ ज्यांचा सण आहे ती माणसं तिथे आहेत, पापडीला, सांडोरला, निर्मळला, आणि ती घरात मराठीच बोलतात. दारोदारी चांदण्या लावलेल्या असतात, येशूजन्माचे गोठे मांडलेले असतात, बघायला कुणी अडवत नाही. चर्चमध्ये जाताना चपला-बूट काढायची गरज नाही, आवाज मात्र खाली ठेवा. संध्याकाळी सुरूच्या बागेत समुद्रावर बसा. जाण्यायेण्याचं भाडं आणि दोन वडापाव, एवढ्यात दिवस होतो.

शेवटचं सांगणं घरातल्या मोठ्यांना. दोघं जायचं म्हणाली की लगेच दिराची मुलं, नणंद, शेजारची एक, असे सात जण तयार होतात. मग ती बाई तिथेही सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बाकावर बसून राहते. सासूबाईंनो, मामंजींनो, कुटुंबाची सहल मे महिन्यात काढा, जरूर काढा. पण या शुक्रवारी नातवंडांना तुमच्याजवळ ठेवा, दुपारचा स्वयंपाक तुम्ही बघा, आणि दोघांना यायला रात्र झाली तर जेवण झाकून ठेवा.