पत्त्यांची वही कोणाच्या हाती?

छोट्या व्यापाऱ्याच्या भांडवलाची मोजदाद करताना पाठ्यपुस्तके जागा, यंत्रे, मालाचा साठा आणि रोकड यांचा उल्लेख करून थांबतात. प्रत्यक्षात पेढीवर आणखी एक मौल्यवान वस्तू असे. ती म्हणजे गिऱ्हाइकांच्या नावांची वही. कोण कोणत्या सणाला काय नेतो, कोणाची उधारी वेळेवर येते, कोणाच्या घरी लग्न ठरले आहे, हे सारे त्या वहीत किंवा तिच्या आधाराने मालकाच्या स्मरणात असे. ताळेबंदात तिची किंमत कधी मांडली गेली नाही. परंतु दुकान वर्षानुवर्षे चाले ते बव्हंशी तिच्याच बळावर.

ही वही आता संगणकावर गेली आहे, आणि पुष्कळदा तो संगणक मालकाचा नसून दूरदेशीच्या एखाद्या कंपनीचा असतो. ग्राहकांना एकगठ्ठा ईमेल पाठविण्याचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा प्रश्न लघुउद्योजकापुढे येतो तेव्हा तो तांत्रिक समजून एखाद्या संगणक जाणणाऱ्या भाच्यावर सोपविला जातो. भाचा सजावटीचे नमुने पाहतो, ‘मोफत’ हा शब्द वाचतो आणि निवड उरकतो. वस्तुतः हा प्रश्न तंत्राचा कमी आणि अर्थकारणाचा अधिक आहे. आपल्या सर्वांत जुन्या भांडवलाचा ताबा कोणाकडे द्यावयाचा, कोणत्या अटींवर द्यावयाचा आणि तो परत कसा मिळवावयाचा, हे यात ठरत असते.

व्हॉट्सॲप घरोघरी पोहोचले असताना ईमेलचा खटाटोप कशाला, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. तातडीच्या निरोपाला व्हॉट्सॲप सोयीचे आहेच. तथापि व्हॉट्सॲप ही एका कंपनीची मालमत्ता आहे. तिचे दर आणि नियम तीच ठरविते, आणि खाते बंद झाले तर दाद मागण्याचा मार्ग अरुंद असतो. ईमेलची गोष्ट निराळी. १९८२ मध्ये तिच्या वहनाचे जे सामायिक नियम प्रसिद्ध झाले, त्यांवर कोणा एकाची मालकी नाही. एका कंपनीच्या सेवेतून धाडलेले पत्र दुसऱ्या कंपनीच्या पेटीत पोहोचते. म्हणूनच ईमेल पत्त्यांची यादी एका सॉफ्टवेअरमधून उचलून दुसऱ्यात नेता येते. ही मोकळीक हेच या माध्यमाचे खरे बळ होय, आणि सॉफ्टवेअर निवडताना ती गमावता कामा नये.

‘मोफत’ या शब्दाचा विचार याच दृष्टीने करावा लागतो. अमेरिकेतील अटलांटा येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या मेलचिंप या कंपनीने २००९ मध्ये मोफत योजना आणली आणि जगभरचे छोटे व्यावसायिक तिकडे वळले. २०२१ मध्ये इंट्युइट या मोठ्या कंपनीने सुमारे १२ अब्ज डॉलरना मेलचिंप विकत घेतली. पूर्वी २,००० पत्त्यांपर्यंत असलेली मोफत मर्यादा २०२३ मध्ये ५०० वर आणण्यात आली. छोट्या पत्रलेखकांसाठी असलेली टायनीलेटर ही सेवा मेलचिंपने २०११ मध्ये घेतली होती. ती फेब्रुवारी २०२४ अखेर बंद झाली. यात बेकायदेशीर काही नाही. आरंभी सवलत देऊन गिऱ्हाईक जोडावे आणि ते रुळल्यावर दर वाढवावेत, ही व्यापाराची जुनीच रीत आहे. प्रश्न एवढाच की, दर वाढल्यावर गिऱ्हाइकाला उठून जाता येते काय?

येथे ‘स्थलांतराचा खर्च’ ही अर्थशास्त्रातील कल्पना उपयोगी पडते. नावे आणि पत्ते साध्या तक्त्याच्या स्वरूपात बहुतेक सेवांतून बाहेर काढता येतात. परंतु कोणत्या ग्राहकाने केव्हा आणि कशासाठी संमती दिली याची नोंद, त्यांचे पाडलेले गट, नव्या ग्राहकाला आपोआप जाणारी पत्रांची मालिका, मागील पत्रांचा इतिहास यांपैकी किती बरोबर येते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. जे येत नाही, तेवढ्यापुरता व्यावसायिक बांधला गेला. म्हणून घेण्यापूर्वीच एक साधी परीक्षा करावी. दहा-वीस पत्ते भरावेत, दोन पत्रे पाठवावीत आणि मग सारे बाहेर काढून पाहावे. घर भाड्याने घेताना नळाला पाणी येते का हे पाहतो, तसेच सोडताना अनामत परत मिळेल का हेही पाहतो. तितकीच दक्षता येथे हवी.

दुसरा मुद्दा आकारणीच्या पद्धतीचा. काही सेवा साठविलेल्या पत्त्यांच्या संख्येवर दरमहा पैसे घेतात, काही पाठविलेल्या पत्रांच्या संख्येवर. हा फरक बारीक वाटतो. परंतु देवगडच्या एखाद्या आंबा बागायतदाराचे उदाहरण घ्या. त्याचे २,००० ग्राहक आहेत आणि हापूसच्या मार्च ते मे या हंगामात तो प्रत्येकाला आठ पत्रे पाठवितो. वर्षाची पत्रे झाली १६,०००. पत्त्यांवर आकारणी असेल तर उरलेले नऊ महिने तो रिकाम्या गोदामाचे भाडे भरत राहील. त्याला पत्रांमागे दर असलेली सेवा परवडते. उलट, ५०० पालकांना दर आठवड्याला सूचना धाडणारा शिकवणी वर्ग वर्षाला २६,००० पत्रे पाठवितो. त्याचे पत्ते थोडे आणि पत्रे अधिक, म्हणून त्याला पत्त्यांवरची आकारणी स्वस्त पडण्याचा संभव आहे. मोफत योजनांतील दैनंदिन मर्यादाही पाहावी. दिवसाला ३०० पत्रांचीच मुभा असेल तर बागायतदाराचे एक पत्र सर्वांपर्यंत पोहोचण्यास सात दिवस लागतील. पिकू लागलेला आंबा तेवढा थांबत नाही. शिवाय नाव काढून घेतलेल्या ग्राहकाचाही पत्ता गणनेत धरला जातो काय, आणि बिल डॉलरमध्ये येते की रुपयांत, हेही आधीच विचारावे.

तिसरा मुद्दा शेजाराचा. मे १९७८ मध्ये एका अमेरिकी संगणक कंपनीच्या विक्री-प्रतिनिधीने सुमारे ४०० जणांना एकाच वेळी संगणकाच्या जाळ्यावरून जाहिरात धाडली आणि पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. पाठविणाऱ्याला खर्च नाही आणि त्रास मात्र घेणाऱ्याला, ही तेव्हापासूनची या माध्यमाची व्याधी आहे. गावच्या गायरानात प्रत्येकाने आपले ढोर सोडावे आणि अखेरीस गवतच उरू नये, तसा हा प्रकार. त्यावर उपाय म्हणून गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून एकगठ्ठा पत्रे पाठविणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० वा अधिक पत्रे धाडणाऱ्याने आपली ओळख तांत्रिक रीतीने सिद्ध केली पाहिजे, एका कळीने नाव काढून घेण्याची सोय दिली पाहिजे आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवले पाहिजे. छोटा व्यावसायिक स्वतः इतकी पत्रे पाठवीत नाही. पण तो ज्या सेवेतून पाठवितो तेथे त्याच वाटेने इतर शेकडो जणांची पत्रे जात असतात. शेजारी उपद्रवी निघाला तर सबंध चाळीचे नाव खराब होते. म्हणून जी कंपनी खाते उघडताना चौकशी करते आणि विकत घेतलेल्या याद्या नाकारते, तिच्यावर रागावू नये. तिलाच पसंती द्यावी. त्याबरोबरच पत्रे स्वतःच्या नावाने नोंदविलेल्या संकेतनामावरून पाठवावीत. ते नाव म्हणजे दुकानाची पाटी; सॉफ्टवेअर बदलले तरी ती आपल्याबरोबर येते.

विक्रेते आपल्या सॉफ्टवेअरमधील आलेख अभिमानाने दाखवितात. किती जणांनी पत्र उघडले याचा आकडा त्यांत ठळक असतो. परंतु ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या व्यवस्थेमुळे, ग्राहकाने पत्र पाहिले नसतानाही ते उघडल्याची नोंद होऊ शकते. अशा आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात शहाणपण नाही. किती जणांनी उत्तर दिले, किती मागण्या आल्या आणि किती जणांनी नाव काढून घेतले, हे तीन आकडे साध्या वहीतही मांडता येतात व अधिक खरे असतात.

अखेरचा मुद्दा दायित्वाचा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. या कायद्याने माहिती गोळा करणाऱ्याला विश्वस्ताच्या भूमिकेत उभे केले आहे. त्याच्या वतीने माहिती हाताळणारी कंपनी कोणतीही असो, करार कसाही असो, जबाबदारी विश्वस्ताचीच राहते. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, असेही त्यात सांगितले आहे. ‘ते सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा’ असे म्हणून दुकानदाराला हात झटकता येणार नाहीत.

ज्यांना कोणाच्याच दारी जावयाचे नाही, त्यांच्यासाठी भारतातच घडलेले लिस्टमंक यासारखे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते स्वतःच्या संगणकव्यवस्थेवर चालविता येते आणि त्याला परवान्याचे शुल्क नाही. मात्र ते चालविण्यास जाणता माणूस लागतो आणि त्याचे वेतन हाही खर्चच होय. ज्याच्याकडे असा माणूस नाही, त्याने पैसे देऊन चांगली सेवा घेण्यात कमीपणा मानू नये.

सारांश, छोट्या व्यावसायिकाने सजावटीचे नमुने सर्वांत शेवटी पाहावेत. आपला हंगाम कोणता, पत्ते किती आणि पत्रे किती, हे आधी कागदावर मांडावे. मग बाहेर पडण्याची वाट तपासावी. आणि महिन्यातून एकदा सबंध यादी संमतीच्या नोंदींसह उतरवून आपल्या कपाटात सुरक्षित ठेवावी. ग्राहकाने आपला पत्ता दिला तो दुकानदाराच्या भरवशावर, कोणा कंपनीच्या नव्हे. तो भरवसा सांभाळणाऱ्याला सॉफ्टवेअर केव्हाही बदलता येईल. गमावलेला भरवसा मात्र कोणत्याही योजनेत विकत मिळत नाही.