काचेआडचा ढोल आणि गावातला ढोल

दक्षिण चीनमधील ग्वांगशी च्वांग स्वायत्त प्रदेशाच्या राजधानीत, नाननिंगमध्ये, २००९ साली खुल्या झालेल्या लोकसंस्कृती संग्रहालयाचे वैभव म्हणजे काशाचे ढोल. चामडे न लावता सबंध धातूत ओतलेल्या, वरून बंद आणि तळाशी उघड्या अशा या वाद्यांपैकी सर्वांत मोठ्याच्या मुखाचा व्यास सुमारे १६५ सेंटिमीटर आहे, आणि अनेक ढोलांच्या कडेवर बसलेले ओतीव बेडूक पावसाच्या आवाहनाशी जोडले जातात, कारण भातशेतीवर जगणाऱ्या च्वांग समाजात बेडूक पर्जन्याचा दूत मानला जातो. तरीही काचेआडचा ढोल अपुराच. त्याच प्रदेशात, नानदानजवळच्या लीहू येथे, पुरुषांच्या पांढऱ्या विजारींवरून ओळखल्या जाणाऱ्या याओ समाजाच्या एका शाखेचे परिसर-संग्रहालय, म्हणजे वस्तू जागेवरून न हलवता गावाचे जगणेच जपणारी संस्था, आहे. या याओंमध्ये अंत्यविधीला ढोल टांगून वाजवतात आणि दुसरा माणूस मागच्या उघड्या तोंडाशी लाकडी पिंप आत-बाहेर करत नाद घुमवतो, ही जुगलबंदी कोणताही फलक समजावू शकत नाही. नाननिंगच्या संग्रहालयाने अशी दहा परिसर-संग्रहालये स्वतःशी जोडून घेतली, हेच त्याचे खरे कर्तृत्व असून नवी दालने बांधण्याआधी पैसा लीहूसारख्या गावांतील वादकांवर आणि त्यांच्या शिष्यांवर खर्च व्हायला हवा.